बुलेटच्या पोटात पाणी

"साहेब, खालचा व्हॉल्व्ह हालत नाय. वरचाबी पुरता बसंना."

वॉकीटॉकीवर भास्कर गावितचा आवाज नेहमीसारखाच होता. त्याच्या मागे जो आवाज येत होता तो मात्र नेहमीचा नव्हता. प्रेशर कुकरची शिट्टी सुरू व्हावी आणि थांबूच नये, तसा तो होता.

"गॅस येतोय का पाणी?" मी विचारलं.

"गॅस. पांढरा धूर धरलाय खाली."

"सोडून दे. वाऱ्याच्या उलट बाजूने बाहेर ये. आत्ता ये."

तो लगेच आला नाही. निघता निघता त्याने वरचा व्हॉल्व्ह आणखी एकदा ओढून पाहिला, हे मला नंतर कळलं.

मी तेव्हा युटिलिटी विभागाचा प्रमुख होतो. कारखान्याला लागणारं पाणी, हवा, वाफ, वीज आणि गॅस, हे सगळं युटिलिटीकडे. आमचा कारखाना नाशिकहून मुंबईकडे जाताना गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. गाड्यांचे गिअर तयार करायचे आणि भट्टीत तापवून कडक करायचे, हे आमचं काम. भट्ट्या प्रोपेनवर चालायच्या.

प्रोपेन म्हणजे घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. दाबाखाली ठेवला की तो द्रव होतो. तो साठवायला लोखंडी जाड पत्र्याची, आडवी, दोन्ही टोकांना गोल अशी टाकी लागते. कॅप्सूलसारखी दिसते, पण आम्ही तिला बुलेट म्हणतो. आमच्याकडे अशा दोन होत्या, एसटी बसपेक्षा लांब. हा द्रव बाहेर पडला की लगेच उकळतो, कारण तो शून्याखाली बेचाळीस अंशालाच उकळतो. एक बादली सांडली तर न्हाणीघर भरेल एवढा गॅस होतो. धूर वर जातो. हा खाली बसतो, आणि पाण्यासारखा उतार शोधत निघतो. पांढरं दिसतं ते हवेतलं बाष्प गोठून झालेलं धुकं. गॅस त्या धुक्याच्याही पुढे गेलेला असतो, आणि तो दिसत नाही.

त्या सकाळी झालं होतं असं. एक नंबरच्या बुलेटची नुकतीच हायड्रोटेस्ट झाली होती. ठरावीक वर्षांनी बुलेट रिकामी करायची, पाण्याने भरायची, दाब द्यायचा आणि कुठे पाझरत नाही ना ते बघायचं, ही ती परीक्षा. नंतर पाणी काढून टाकतात, तरी थोडं तळाशी राहतंच. गॅस भरला की ते पाणी खाली बसतं. ते काढायला बुलेटच्या पोटाखाली एक बारीक नळी असते आणि तिच्यावर एकापाठोपाठ एक असे दोन व्हॉल्व्ह. आधी वरचा पूर्ण उघडायचा, मग खालचा हळूहळू. पाणी संपून गॅस दिसू लागला की खालचा बंद करायचा, मग वरचा.

भास्करने सगळं याच क्रमाने केलं होतं. पण पाणी संपता संपता गॅस आला, नळी एकदम गार पडली आणि उरलेलं पाणी खालच्या व्हॉल्व्हमध्येच गोठलं. बर्फाने व्हॉल्व्ह धरून ठेवला. वरच्यात काहीतरी अडकलं होतं. तो पाऊण बंद झाला आणि थांबला.

बुलेट निम्म्याहून जास्त भरलेली होती.

मी ऑफिसातून बाहेर आलो तेव्हा पगार मॅडम आधीच अंगणात उभ्या होत्या. सुनंदा पगार, आमच्या प्लांट मॅनेजर. मूळच्या सटाण्याकडच्या. आडनावावरून कॅन्टीनमध्ये जे विनोद व्हायचे ते त्यांना सगळे माहीत होते, आणि महिनाअखेरीला एखादा त्या स्वतःच करायच्या. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी समुद्रकाठच्या एका मोठ्या गॅस टर्मिनलवर बरीच वर्षं काढली होती. माझ्यापेक्षा वयाने लहान, हुद्द्याने मोठ्या. मला त्या वाघ सर म्हणायच्या आणि काम सांगताना आवाज कधी चढवायच्या नाहीत.

त्या बुलेटकडे बघत नव्हत्या. वर खांबावरच्या पिशवीकडे बघत होत्या. वारा कुठून येतो ते दाखवणारी कापडी पिशवी असते, तिच्याकडे.

"वारा घाटाकडून आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे गॅस नाल्याने हायवेकडे उतरणार, आणि थोडा आपल्या हीट ट्रीटमेंटकडे, भट्ट्यांच्या शेडकडे. वाघ सर, आत कोण आहे?"

"कोणी नाही. भास्कर बाहेर आलाय."

"सायरन द्या. माणसं वरच्या गेटवर. खालच्या गेटने कोणी जायचं नाही."

इलेक्ट्रिशियन धावत आला. "मॅडम, मेन स्विच पाडू का?"

"हात लावू नका. कुठल्याच स्विचला नाही, बंद करायलाही नाही. स्विच पाडताना ठिणगी पडते. वाघ सर, वरच्या गेटच्या लँडलाइनवरून सबस्टेशनला फोन करा. आपल्याकडे येणारी वीजलाइन तिकडूनच बंद करा म्हणावं. मग अग्निशमन केंद्राला."

"वीज गेली तर पाण्याचा पंप?"

"डिझेलचा पंप आपोआप सुरू होईल. तो वाऱ्याच्या वरच्या बाजूला आहे. त्याची काळजी नाही."

मी फोन केले. सायरन वाजला. पहिल्या पाळीची माणसं वरच्या गेटपाशी जमली. थंडीचे दिवस होते. तोंडातून वाफा निघत होत्या. खाली बुलेटच्या पोटाखालून पांढरा पट्टा नाल्याकडे सरकत होता. चुलीवर दूध उतू जावं आणि कोणी उतरवायला नसावं, तसं ते बघताना वाटत होतं.

आता नाल्याचं सांगतो. नाला आमच्या कुंपणाखालून सर्व्हिस रोडकडे जातो. तिथे रात्रभर ट्रक उभे असतात. सकाळी ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून नाश्ता बनवतात. शेजारी मंदाताईंची चहाची टपरी, म्हणजे आणखी एक जळती शेगडी. हे मॅडमना माझ्याआधी सुचलं.

"सावंत," त्यांनी सिक्युरिटी सुपरवायझरला हाक मारली. "चालत जा, मोटरसायकल नको. वरून वळसा घालून जा. सगळे स्टोव्ह बंद करायला सांगा. ट्रक कोणी चालू करायचा नाही. तसेच सोडून चालत वरच्या बाजूला या म्हणावं."

सावंतने मग सांगितलं ते असं. त्याने टपरीवर जाऊन गॅस सुटल्याचं सांगितलं. मंदाताई ऐकता ऐकताच उठल्या. शेगडीची चावी फिरवली, आणि मागच्या चुलीत निखारे होते त्यावर उकळता चहा पातेल्यासकट पालथा घातला. दोन ड्रायव्हर घाबरून ट्रककडे धावले, गाडी काढून पळायला. मंदाताई त्यांच्या आडव्या गेल्या.

"चाव्या इकडं द्या," त्या म्हणाल्या. "गाडी कुठं पळून नाय जात. आधी तुमी चला."

ड्रायव्हर रोजचीच गिऱ्हाइकं होती. त्यांनी चाव्या दिल्या. मंदाताईंनी त्या ओच्यात बांधल्या आणि सगळ्यांना घेऊन चढावर आल्या. त्यांना कोणी सेफ्टीचं ट्रेनिंग दिलं नव्हतं. ट्रक सुरू केला तर ठिणगी पडते, एवढं सावंतकडून ऐकलं आणि त्यांना ते पुरलं.

इकडे आमच्या भट्ट्यांचा प्रश्न होता. त्यांचा गॅस तोडला होता, ज्योती विझल्या होत्या. पण आतलं लोखंड आणि विटा लालभडक होत्या. प्रोपेनला पेटायला ज्योत लागतेच असं नाही, तेवढी उष्णता पुरते. भट्टी बंद केली म्हणजे विस्तव गेला असं होत नाही. तिला निवायला दिवस लागतो. म्हणून गॅस तिच्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही, हा एकच उपाय होता. आमच्या लोकांनी हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचे नळ, उघडले आणि शेड व बुलेट यांच्यामध्ये पाण्याच्या फवाऱ्याची भिंत उभी केली. असा बारीक फवारा गॅसला अडवतो आणि हवेत मिसळून पातळ करतो.

एकाने पाइपच्या तोंडाची नोझल बुलेटकडे वळवली.

"तिच्यावर नको," मॅडम म्हणाल्या. "ती तापलेली नाही. खाली सांडलेल्या द्रवावर पाणी पडलं तर तो आणखी उकळेल. वाफेवर मारा."

तेवढ्यात लँडलाइनवर पुण्याहून आमच्या डायरेक्टरांचा फोन आला. मेहता साहेब. माणूस सज्जन, पण हिशेबाच्या बाजूने वर आलेला. मॅडमनी रिसीव्हर कानाला लावला. मी शेजारी होतो, साहेबांचा आवाज मला ऐकू येत होता.

"लीक थांबत नसेल तर पेटवून देता येईल का? जळून जाईल सगळं. निदान पसरणार तरी नाही."

"नाही सर. ज्योत बुलेटच्या पोटाला लागेल."

"पत्रा जाड आहे ना?"

"आत द्रव आहे तिथपर्यंत पत्रा थंड राहतो. त्याच्या वर नुसता गॅस आहे, तिथला पत्रा तापून मऊ होतो. मग बुलेट उभी फाटते आणि आतलं सगळं एकाच वेळी उकळून बाहेर येतं. पेटलेलं. मग हायवेसुद्धा वाचणार नाही."

याला आमच्या भाषेत ब्लेव्ही म्हणतात. प्रोपेनबरोबर काम करणारा माणूस हा शब्द सहसा मोठ्याने उच्चारत नाही. मॅडमनीही उच्चारला नाही.

 मग साहेब म्हणाले, "काय करणार आहात?"

"बुलेटमध्ये पाणी भरणार आहे."

"आत?"

"हो सर. आता मी फोनवर नसेन. सावंत इथे येऊन थांबतील, ते कळवतील."

"ठीक आहे. तुम्ही ठरवाल ते," साहेब म्हणाले. त्यांनी परत फोन केला नाही. घाबरलेल्या वरिष्ठाने परत फोन न करणं सोपं नसतं.

बुलेटमध्ये पाणी भरायचं म्हणजे काय, तेही सोपं आहे. पाणी प्रोपेनपेक्षा जड. खालून आत ढकललं तर ते तळाशी बसेल आणि प्रोपेन त्यावर तरंगेल. गळती तळातूनच होत होती. म्हणजे तळाशी पुरेसं पाणी साचलं की त्या नळीतून गॅसऐवजी पाणी गळू लागेल. पाणी कितीही गळलं तरी त्याला आग लागत नाही. शिवाय ते बर्फही वितळवेल. बुलेट कधी काठोकाठ भरत नाहीत, वर मोकळी जागा ठेवतात, त्यामुळे पाण्याला जागा होती.

त्यासाठी लागणारी नळी आमच्याकडे होती. मोठ्या टर्मिनलवर अशी सोय असते. हायड्रोटेस्टसाठी बुलेट रिकामी झाली तेव्हा मॅडमनी ती आमच्याकडेही करायला लावली होती, आणि मी ती बसवून घेतली होती. तिचं तोंड बुलेटपासून दूर, तिच्याभोवतीच्या कुंपणाबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणलं होतं. तिथे फायरच्या होजचा, म्हणजे बंबाच्या लांब पाइपचा जोड बसेल असं कपलिंग, आणि मध्ये एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत जाईल पण गॅस उलटा होजमध्ये येणार नाही.

अडचण दाबाची होती. बुलेटच्या आत त्या वेळी चौरस सेंटिमीटरला सहा किलोच्या आसपास दाब होता. थंडी होती म्हणून एवढाच. मे महिन्यात तो कितीतरी वर असता. पाणी आत ढकलायचं तर त्याचा दाब याहून जास्त हवा. आमच्या हायड्रंटचा दाब एरवी सातच्या वर असायचा, पण फवाऱ्याची भिंत चालू असताना तो सहाच्या खाली उतरला होता.

"भिंत बंद केली तर पाणी आत जाईल," मी म्हणालो.

"आणि गॅस भट्टीवर."

"हो."

 मॅडमच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. मी त्यांना तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या खिशातला मोबाईल सायरन वाजल्यावर लगेच बंद करून गेटवर ठेवला होता. तिथल्या कामगारांच्या घोळक्याकडे, भास्करकडे, खालच्या पांढऱ्या पट्ट्याकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

"भिंत चालू राहील," त्या म्हणाल्या. "बंबाची वाट बघू. त्यांचा पंप वापरू."

ही वाट बघणं मला सगळ्यात जड गेलं. उपाय हाताशी असताना हात बांधून उभं राहायचं. माझा जीव होजकडे ओढत होता. त्या मात्र हलल्या नाहीत. मधल्या वेळात त्यांनी भास्करला बघितलं. त्याच्या उजव्या हातमोज्यावर द्रव प्रोपेन उडाला होता आणि मोजा गोठून हाताला चिकटला होता. कोणीतरी तो ओढून काढायला निघालं होतं.

"ओढू नका, कातडी येईल. कोमट पाणी आणा. चोळायचंही नाही." मग भास्करला, "दुखतंय?"

"आता नाय कळत काही, मॅडम."

"मग थोड्या वेळाने दुखेल. दुखलं तर चांगलंच समजा." त्यांनी त्याला गाडीत बसवून वरच्या रस्त्याने नाशिकला हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तो जायला तयार नव्हता. "व्हॉल्व्ह माझ्या हातचा हाय, मीच बंद करंन," म्हणत होता.

"तुमचा हात आधी," त्या म्हणाल्या.

अग्निशमन केंद्राचा बंब आला तो वरच्या गेटनेच, कारण फोनवर तसं सांगितलेलं होतं. अधिकारी शेवाळे खाली उतरले, त्यांनी आधी पिशवी बघितली, मग उतार. मला जरा धीर आला.

"भिंत आम्ही धरतो," ते म्हणाले.

"भिंत आमचे लोक धरतील. तुमच्या पंपाचा दाब किती जातो?"

"दहापर्यंत आरामात."

"मग तुमचं पाणी मला बुलेटच्या आत हवंय."

शेवाळेंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हे मी ट्रेनिंगमध्ये वाचलंय. केलेलं नाही."

"मी एकदा दुसऱ्यांना करताना पाहिलंय. केलेलं मीही नाही."

"कपलिंग आहे?"

"आहे. या माझ्याबरोबर."

एवढंच बोलणं झालं. तो तिथला साहेब, ही इथली साहेब, कोणाचं चालणार, यावरून अशा वेळी वाद झालेले मी पाहिले आहेत. इथे तो झाला नाही. बंब वरच्या बाजूला पंपहाऊसजवळच थांबवला, गरम इंजिन गॅसपासून लांब राहावं म्हणून. आमच्या टाकीतून त्याला पाणी दिलं आणि तिथून लांबलचक होज अंथरली. जोड मी स्वतः बसवला. बोटं बधिर झाली होती, पहिल्यांदा खाच जुळेना. शेवाळेंचा एक माणूस शेजारी गुडघ्यावर बसला, त्याने होज सरळ धरली आणि जोड खटकन बसला.

"दाब घ्या," शेवाळे वायरलेस सेटवर म्हणाले. "सहा. सात. थांबू नका. आठ."

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

मी व्हॉल्व्ह उघडला. होज ताठ झाली, थरथरली. पाणी आत जात होतं.

पुढे काही वेळ काहीच झालं नाही. शिट्टी तशीच. धुकं तसंच. बुलेटच्या लेव्हलचा काटा हलतोय असं मला वाटायचं, आणि मग नाही असं वाटायचं.

आणि वारा पडला. खांबावरची पिशवी लोंबकळली. नाल्याकडे जाणारं धुकं जागच्या जागी फुगायला लागलं आणि शेडकडे रेलू लागलं. शेडच्या भिंतीपाशी गॅस मोजणारं बॅटरीवरचं यंत्र ठेवलं होतं. हवेतला गॅस पेटण्याइतका व्हायच्या किती जवळ आलाय, ते त्यावर टक्क्यांत कळतं. शंभर म्हणजे पेटू शकेल. आम्ही वीसला सावध होतो. शेवाळेंचा माणूस आकडे वाचत होता, आणि ते चढत होते.

मॅडमनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आकडा चाळीसच्या वर गेला तर नोझल बांधून सोडायची आणि निघायचं. त्या वेळी सगळ्यांनी मान हलवली होती. आता चाळीस झाले तेव्हा कोणी हलेना.

"मॅडम, आणखी थोडा वेळ धरतो," नोझलवरचा एक जण ओरडला.

"नाही. बांधा आणि या."

"भिंत हलली तर?"

"हलली तर हलली. शेड परत बांधता येईल. या."

ते आले. नोझल त्यांनी स्टँडवर बांधून सोडल्या, पाणी चालू राहिलं. आम्ही सगळे वर चढावर मागे सरलो. पंपावर फक्त बंबाचा चालक राहिला, तो गॅसपासून लांब होता. मॅडम शेवटी आल्या, सगळी डोकी मोजून. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं. घरचे नाशिकला इंदिरानगरात या वेळी काय करत असतील, एवढंच आलं.

मग आवाज बदलला.

शिट्टी आधी खरखरली. मग अडखळली. नळात हवा असली की तो थुंकतो, तसा थुंकल्यासारखा आवाज येऊ लागला. शेवाळेंनी दुर्बीण लावली होती.

"पाणी," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पाणीच आहे."

पांढरा पट्टा विरत गेला. वाराही परत सुटला. आम्ही लगेच खाली गेलो नाही. दुर्बिणीतून दिसणारा यंत्रावरचा आकडा खाली येऊन शून्यापाशी टिकेपर्यंत मॅडमनी कोणाला जाऊ दिलं नाही. मग शेवाळे आणि मी गेलो, ठिणगी पडत नाही म्हणून पितळेचा पाना घेऊन. व्हॉल्व्हभोवती नारळाएवढा बर्फाचा गोळा होता आणि त्यातून पाण्याची धार पडत होती. धारेनेच बर्फ पोखरला होता. मी पाना लावला. व्हॉल्व्ह कुरकुरला आणि फिरला. धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. तोंडावर लोखंडी झाकण बसवून बोल्ट आवळले.

वर आलो तेव्हा मॅडम गेटच्या पायरीवर बसल्या होत्या. मोबाईल चालू केला होता आणि त्यावर आईचा फोन आला होता. आई रोज सकाळी फोन करायच्या, आज तो लागला नव्हता.

"काही नही माय, मी कामवर शे," मॅडम अहिराणीत म्हणत होत्या. "मंग फोन करस." आवाज अगदी नेहमीचा.  माझं लक्ष गेलेलं त्यांनी पाहिलं आणि हसल्या.

मंदाताई चाव्या परत करून टपरीवर गेल्या. सावंतने त्यांना नवं पातेलं आणून दिलं.

भास्करच्या हातावर मोठे फोड आले. हात वाचला. दोन बोटांच्या टोकांना अजून गार-गरम नीट कळत नाही. पेठकडच्या त्याच्या गावी मॅडम स्वतः जाऊन त्याच्या बायकोला भेटून आल्या, आणि तो परत कामावर आला तो त्याच जागी.

पुढे मेहता साहेब पुण्याहून आले. बैठक झाली. त्यांनी सरळ विचारलं, "चूक कोणाची?"

"भास्करने सगळं नियमाप्रमाणे केलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलावर एक नखाएवढा तुकडा ठेवला. हायड्रोटेस्टच्या वेळी राहून गेलेला गॅस्केटचा, म्हणजे सांध्यात बसवतात त्या चकतीचा तुकडा, वरच्या व्हॉल्व्हमध्ये सापडलेला. "हा ज्याच्याकडून राहिला त्याला आपण शोधू. पण असा तुकडा कधीतरी परत राहणारच. दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांना चिकटून आहेत, ही खरी अडचण आहे. एक गोठला की दुसराही त्याच गारठ्यात. त्यांच्यात अंतर हवं, आणि खालचा असा हवा की हात सोडला की स्प्रिंगने आपोआप बंद होईल."

"हे किती दिवसांत होईल?"

"ते होईपर्यंत भट्ट्या बंद राहतील. दोन्ही बुलेटच्या."

साहेबांनी खिडकीतून बुलेटकडे पाहिलं. "राहू द्या," ते म्हणाले.

तेवढे दिवस गिअर बाहेरून तापवून आणले. गिऱ्हाइकं कुरकुरली. नळ्या बदलल्या, ट्रक उभे राहायची जागा नाल्यापासून वर हलवली, आणि मगच भट्ट्या पेटल्या. कंपनीने सत्कार ठेवला. मॅडमनी शेवाळेंना, मंदाताईंना आणि भास्करला पुढे बसवलं आणि स्वतः दुसऱ्या रांगेत बसून पूर्ण कार्यक्रम ऐकला. नंतर मला एवढंच म्हणाल्या की एकदा तरी आपण होऊन तो पाण्याचा जोड काढून-घालून बघायला हवा, त्या दिवशी तो पहिल्या झटक्यात बसला नव्हता.

तेव्हापासून दर तिमाहीत आम्ही तो जोड बसवून पाहतो. मी निवृत्त झाल्यावरही हे चालू आहे, असं भास्कर सांगतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मी काढलेला निष्कर्ष असा: गॅसच्या टाकीजवळ माणसं धावपळ करताना दिसली, तर समजावं की कुठली तरी नळी आधी बसवायची राहून गेली आहे.